खिडकीतून आलेली दाद : चाहते, पात्रे आणि मालकीचा प्रश्न

आवडता चित्रपट, आवडते पुस्तक किंवा आवडते पात्र याविषयी चाहते एकमेकांशी बोलतात, तेव्हा नेमके काय घडते, हे या पाठात आपण पाहणार आहोत. सुरुवात एका काल्पनिक रात्रीपासून करू.

लखनौच्या दक्षिण भागात रायबरेली रस्त्यालगत ‘वृंदावन योजना’ नावाची मोठी वसाहत आहे. उत्तर प्रदेशच्या आवास विकास परिषदेने ती वसवली. घराचा पत्ता सेक्टरच्या आकड्याने सांगायचा, अशी ही नवी वस्ती. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डेफएक्स्पो’ हे संरक्षण साहित्याचे प्रदर्शन येथेच भरले होते. समजा, तुम्ही या वसाहतीत खोली घेऊन राहता आणि रात्री मुझफ्फर अली यांचा ‘उमराव जान’ (१९८१) पाहिला. झोप येईना, म्हणून मोबाइल हातात घेतला आणि एकामागून एक तीन गोष्टी केल्या. उमराव हे पात्र मनाला का लागले, यावर दोन परिच्छेद लिहून ते सर्वांसाठी टाकले. मग एक छोटी कथा लिहिली : उमराव आज याच वृंदावन योजनेत राहते आणि मुलींना गाणे शिकवते. शेवटी चित्रपटातले एक अख्खे गाणे कापून त्याखाली जोडले.

सकाळी पाहता तो परिच्छेदांवर चर्चा सुरू आहे, कथेला वाचक मिळाले आहेत आणि गाणे हटवले गेले आहे. तीन्ही गोष्टी एकाच प्रेमापोटी केल्या होत्या. मग एकच का गेली? याचे उत्तर पाठाच्या शेवटच्या भागात येईल. त्याआधी पहिल्या दोन गोष्टी समजून घेणे जास्त महत्त्वाचे आहे.

शब्दांविषयी थोडेसे

‘फॅन’साठी मराठीत ‘चाहता’ हा शब्द रूढ आहे. ‘मी तुमचा पंखा आहे’ ही कोटी तर इतकी जुनी झाली आहे, की आता तिला कोणी हसत नाही. पण मराठीत त्याआधीपासून ‘रसिक’ हा शब्द आहे. दोघांत फरक करण्याची आपल्याला सवय असते : रसिक जाणकार, चाहता वेडा. हा फरक फारसा टिकत नाही, असे माझे मत आहे. तो का टिकत नाही, हे लखनौच्याच उदाहरणांवरून दिसते.

दाद देणारी बाई

‘उमराव जान’ हा चित्रपट मिर्झा हादी रुसवा यांच्या ‘उमराव जान अदा’ (१८९९) या उर्दू कादंबरीवर आधारलेला आहे. कादंबरीची सुरुवात मुद्दाम लक्षात ठेवा. लखनौच्या चौकात एका मित्राच्या घरी काव्याची बैठक जमली आहे. एक शेर वाचला जातो आणि शेजारच्या खोलीच्या खिडकीआडून एका बाईची दाद ऐकू येते. बैठकीतले लोक चकित होतात आणि तिला आत बोलावतात. ती उमराव. तिची सगळी हकिगत त्यानंतर सुरू होते.

म्हणजे ही नायिका आपल्यासमोर येते ती श्रोता म्हणून. तिने मनातल्या मनात शेर आवडून घेतला असता, तर कादंबरीच घडली नसती. आवड उघडपणे, इतरांना ऐकू जाईल अशी सांगितली, म्हणून खिडकीपलीकडच्या लोकांशी तिचे नाते जुळले. रात्री अनोळखी वाचकांसमोर दोन परिच्छेद टाकताना तुम्हीही हेच केले.

आवड जाहीर झाली की मतभेद आलेच. एकोणिसाव्या शतकातल्या लखनौत मीर अनीस आणि मिर्झा दबीर हे मर्सियाचे दोन मोठे कवी होते. मर्सिया म्हणजे करबलाच्या शोककथेवरचे काव्य. ते मजलिशीत लोकांपुढे म्हटले जाई. शहरातले रसिक दोन गटांत विभागले गेले होते आणि त्या गटांना ‘अनीसिये’ व ‘दबीरिये’ अशी नावेच पडली होती. कोणाची भाषा साफ, कोणाची कल्पना उंच, यावर वाद चाले. अनीस १८७४ मध्ये आणि दबीर १८७५ मध्ये वारले, पण वाद काही संपला नाही. शिब्ली नोमानी यांनी १९०७ मध्ये ‘मुवाझना-ए-अनीस-ओ-दबीर’ हे दोघांची तुलना करणारे पुस्तक लिहिले आणि अनीसच्या बाजूने कौल दिला. मग दबीरच्या बाजूने उत्तरे लिहिली गेली. उर्दू समीक्षेत शिब्लींचे हे पुस्तक आजही महत्त्वाचे मानतात. त्याचे मूळ मात्र चाहत्यांच्या भांडणात आहे. फरक एवढाच, की शिब्लींनी ‘आमचा श्रेष्ठ’ असे नुसते म्हटले नाही. दोघांच्या ओळी शेजारी शेजारी ठेवल्या आणि कारणे दिली.

मराठी वाचकाला येथे बालगंधर्व आणि केशवराव भोसले आठवतील. दोघांच्या कंपन्या वेगळ्या होत्या, गायकी वेगळी होती आणि चाहत्यांचे गटही वेगळे होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी असे एकाच रंगमंचावर उभे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. त्या एका प्रयोगाच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. प्रयोग रात्रीत संपला, पण तो कसा झाला हे आपल्यापर्यंत आले त्यात सांगणाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

तेव्हा तुमच्या दोन परिच्छेदांची किंमत कमी समजू नका. मात्र ‘रेखाने काय काम केले आहे!’ एवढ्यावर थांबलात, तर ती नुसती दाद झाली. कोणत्या प्रसंगात, कोणत्या नजरेत, कोणत्या थांबण्यात, हे सांगितले की समीक्षा सुरू होते.

पात्र लेखकाच्या हातून सुटते

आता दुसरी गोष्ट, म्हणजे तुमची कथा. दुसऱ्याचे पात्र घेऊन नवी गोष्ट लिहिण्याला ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. हे इंटरनेटमुळे आलेले खूळ आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ मालिकेचे चाहते १९६७ पासून हाती तयार केलेल्या अंकांतून अशा गोष्टी एकमेकांना वाचायला देत होते. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे अशा कथांचे चाहत्यांनीच चालवलेले मोठे संग्रहालय त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००९ मध्ये खुले झाले. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

पण सर्वांत गमतीचे उदाहरण पुन्हा उमरावचेच. ‘उमराव जान अदा’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १८९९ मध्ये, ‘जुनून-ए-इंतझार’ नावाचे छोटे पुस्तक निघाले. त्यात उमराव म्हणते, की रुसवांनी माझी गुपिते जगासमोर मांडली, आता मी त्यांची मांडते. मग ती मिर्झा रुसवांच्या प्रेमाची हकिगत सांगते. हे पुस्तकही रुसवांनीच लिहिले होते. पात्र लेखकावर उलटते आणि त्यालाच पात्र करून टाकते, हा खेळ लेखकाने स्वतःच मांडला. उमराव खरीच होती का, हा प्रश्न वाचक आजही विचारतात. त्याचे एक कारण येथे सापडेल.

मराठीत याचा दूरचा भाऊ आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, मुलांच्या कित्येक पिढ्यांचा मित्र झाला. दूरदर्शनवर सुमीत राघवनने त्याचे काम केले. २०१७ च्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात अमेय वाघ बनेश झाला आणि त्याच चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी साक्षात भा. रा. भागवत उभे केले. निर्माता आणि त्याचे पात्र एकाच गोष्टीत भेटले. पुस्तके वाचून मोठ्या झालेल्या प्रेक्षकाला त्यात जो आनंद झाला, तो चाहत्याचा आनंद होता.

लेखकाला हे नेहमी रुचतेच असे नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारून टाकले. वाचक रागावले. शेवटी १९०३ मध्ये होम्स जिवंत परतला. पात्र कोणाचे, हा प्रश्न तेव्हाही होताच.

अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी ‘टेक्स्चुअल पोचर्स’ (१९९२) या पुस्तकात चाहत्यांची तुलना दुसऱ्याच्या रानात शिरून शिकार करणाऱ्यांशी केली. ही प्रतिमा त्यांनी फ्रेंच विचारवंत मिशेल द सेर्तो यांच्याकडून घेतली. म्हणणे असे, की रान मालकाचे असले तरी वाचक आपल्याला हवे ते उचलतो आणि त्यातून आपले काही तयार करतो. प्रतिमा चांगली आहे, पण शिकारीने रानातले कमी होते. गोष्टीचे तसे होत नाही. तुमच्या कथेमुळे रुसवांची उमराव तसूभरही कमी झाली नाही.

मग गाणे का गेले?

येथे भारताचा कॉपीराइट कायदा, १९५७ समजून घ्यावा लागतो. साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ही वर्षे मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढली, पण ज्यांचा हक्क आधीच संपला होता त्यांना त्याचा लाभ मिळाला नाही.

रुसवा १९३१ मध्ये वारले. म्हणून कादंबरीवरचा हक्क १९८१ च्या अखेरीस संपला. चित्रपट आला तेच हे वर्ष. कादंबरीतली उमराव आज सर्वांची आहे. तिला वृंदावन योजनेत आणायला कोणाची परवानगी लागत नाही.

चित्रपटाचे तसे नाही. त्यावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे, म्हणजे २०४१ च्या अखेरपर्यंत आहे. गाण्याचे तर आणखी पदर आहेत. शब्द शहरयार यांचे. ते २०१२ मध्ये गेले, म्हणून शब्दांवरचा हक्क २०७२ अखेरपर्यंत. संगीत खय्याम यांचे. ते २०१९ मध्ये गेले, म्हणून २०७९ अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून वेगळा. एका गाण्यात इतके मालक असतात, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

तुमच्या दोन परिच्छेदांना संरक्षण देते ते कलम ५२. समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी कृतीचा वाजवी वापर करता येतो. एखाद्या दृश्याचा छोटा तुकडा दाखवून त्याचे विश्लेषण केलेत, तर या कलमाचा आधार घेता येतो. अख्खे गाणे टीकेच्या एका शब्दाविना जोडले, तर तो आधार फार कमजोर पडतो. प्रेमाने केले, पैसे घेतले नाहीत, एवढे उत्तर पुरत नाही.

आणखी एक गोष्ट. नुसत्या कल्पनेवर, विषयावर किंवा कथासूत्रावर कॉपीराइट नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात सांगितले. पण रंगवलेले पात्र म्हणजे नुसती कल्पना नव्हे. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत आहे. फास्टर फेणेची नवी गोष्ट वहीत लिहून मैत्रिणीला वाचून दाखवणे ही एक गोष्ट आणि ती छापून विकणे ही दुसरी. विकायची असेल, तर हक्कधारकांची परवानगी आधी घ्या. ‘फॅन फिक्शन’ हा शब्द आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे मधल्या जागेत वाद होऊ शकतात.

स्वाध्याय

१. आवडत्या पात्राविषयी शंभर शब्द लिहा. ‘छान’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ हे शब्द वापरू नका. प्रत्येक मत एका प्रसंगाला जोडा.

२. त्या पात्राचा निर्माता कोण, तो हयात आहे का, नसल्यास मृत्यूचे वर्ष कोणते, हे शोधा आणि हक्क कोणत्या वर्षी संपतो ते मोजा. पात्र चित्रपटातून आलेले असेल, तर प्रदर्शनाचे वर्ष धरा.

३. तुमच्या गावात किंवा घरात दोन कलावंतांच्या चाहत्यांचे गट होते का? घरातल्या ज्येष्ठांना विचारा. ते कोणती कारणे देतात, ती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.