तार जाड घ्यावी की बारीक?

भजनात तुम्ही एकतारी ऐकली असेल. तमाशात तुणतुणे ऐकले असेल. दोन्हींना तार एकच. पण मेंडोलिन नावाचे एक वाद्य आहे. त्याला आठ तारा असतात. हे वाद्य मूळचे इटली देशातले. पुढे ते आपल्याकडेही आले. मुंबईच्या सिनेसंगीतात सज्जाद हुसेन यांनी ते फार गाजवले.

समजा, गावच्या भजनी मंडळाने एक जुने मेंडोलिन घेतले. तारा गंजलेल्या होत्या. एक गडी नव्या तारा आणायला तालुक्याला गेला. दुकानदाराने विचारले, "हलक्या देऊ की जाड?"

गडी म्हणाला, "जाडच द्या. जाड तार टिकते. आवाजही मोठा येतो."

तारा चढल्या. पण थोड्याच दिवसांत वाद्याची पुढची फळी दबली. दांडी वाकली. सूर लागेना. तारा शाबूत राहिल्या अन् वाद्यच गेले! चूक कुठे झाली?

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, जाडी आणि ताण. लांब तारेचा सूर खाली, आखूड तारेचा वर. जाड तारेचा खाली, बारीक तारेचा वर. तार पिळली की सूर चढतो.

मेंडोलिनच्या सगळ्या तारा सारख्याच लांब, सुमारे 14 इंच. दोन-दोन तारांची एक जोडी, अशा चार जोड्या. पहिल्या जोडीचा सा धरला, तर दुसरी जोडी त्याच्या पंचमात लावतात. तिसरी दुसरीच्या पंचमात. चौथी तिसरीच्या पंचमात. म्हणून खालच्या सुराला जाड तार आणि वरच्या सुराला बारीक तार लागते. वरच्या दोन जोड्या साध्या पोलादी असतात. खालच्या दोन जोड्यांच्या पोलादी तारेवर काशासारख्या धातूची बारीक तार गुंडाळलेली असते. त्यामुळे तार जड होते, पण ताठर होत नाही.

आता नीट ध्यानात घ्या. सूर तोच हवा आणि तार मात्र जाड घेतली, तर ताण वाढवावा लागतो. आठ तारांचा ताण मिळून साधारण 70 ते 80 किलो भरतो. म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस वाद्याला लोंबकळतो आहे म्हणा ना! जुन्या, नाजूक वाद्याला हे कसे सोसेल? शेळीला कोणी मोटेच्या नाड्याने बांधते काय?

तारांच्या पाकिटावर आकडे असतात. इंचाचे हजार भाग केले, तर त्यातले किती भाग जाडी, ते हा आकडा सांगतो. 10, 14, 24, 38 हा हलका संच. 11, 15, 26, 40 हा मध्यम संच. वाद्य जुने असेल, किंवा पाठ भोपळ्यासारखी गोल असेल, तर हलका संचच घ्यावा. त्याहून हलका मिळाला तर आणखी बरे. सपाट पाठीचे, मजबूत, नवे वाद्य मध्यम संच सोसते.

तारेचे टोकही पाहा. मेंडोलिनची तार आकड्यात अडकवतात, म्हणून तिच्या टोकाला फास हवा. गिटारच्या तारेला टोकाशी मणी असतो. तो तिथे बसत नाही.

सगळ्या तारा एकदम काढू नका. घोडी जागची हलते. एक काढा, एक चढवा. वाजवून झाले की कोरड्या फडक्याने घाम पुसा. घामाने तार गंजते.

तार घेताना आधी वाद्य पाहा. ते किती सोसेल, तेवढीच तार चढवा.