जनसुरक्षेची वीस वर्षे : रायपूर ते मुंबई

महाराष्ट्र विधानसभेने 10 जुलै 2025 रोजी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशात असा कायदा आधीपासून आहे, हे त्याच्या समर्थनार्थ पुन्हा पुन्हा सांगितले गेले. मग छत्तीसगडचा अनुभव काय, हे आपण विचारायलाच हवे. रायपूर आपल्याला परके नाही. 1956 पर्यंत तिथली अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयातच येत.

छत्तीसगडचा अधिनियम 2005 चा, म्हणजे बस्तरात सलवा जुडूम ही सरकारच्या पाठिंब्याची माओवादविरोधी मोहीम सुरू झाली त्याच वर्षीचा. सरकार अधिसूचना काढून संघटना बेकायदा ठरवते, सल्लागार मंडळ ते नंतर तपासते. बोललेला किंवा लिहिलेला शब्दही ‘बेकायदा कृत्य’ ठरू शकतो.

14 मे 2007 रोजी डॉ. बिनायक सेन यांना बिलासपुरात अटक झाली. दल्ली राजहराच्या खाणकामगारांमध्ये काम केलेला हा डॉक्टर पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेचा पदाधिकारी होता. रायपूरच्या तुरुंगातले माओवादी नेते नारायण सान्याल यांची पत्रे त्यांनी बाहेर पोहोचवली, असा आरोप होता. तुरुंगातल्या भेटी तीसहून अधिक झाल्या होत्या, त्याही प्रशासनाच्या परवानगीने. जामिनासाठी दोन वर्षे लागली आणि तो सर्वोच्च न्यायालयाकडून मिळवावा लागला. 24 डिसेंबर 2010 रोजी रायपूरच्या सत्र न्यायालयाने राजद्रोहाबद्दल जन्मठेप सुनावली. एप्रिल 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जामीन दिला. गांधींचे आत्मचरित्र बाळगणारा जसा गांधीवादी ठरत नाही, तसा माओवादी साहित्य बाळगणारा माओवादी ठरत नाही, असा त्या वेळच्या टिप्पणीचा आशय होता.

सेन यांच्यासाठी नोबेल विजेत्यांनी पत्र लिहिले. बुरकापालच्या आदिवासींना ते भाग्य नव्हते. 24 एप्रिल 2017 रोजी सुकमा जिल्ह्यातल्या या गावाजवळ सीआरपीएफचे 25 जवान मारले गेले. आसपासच्या गावांतून पकडलेल्यांवर यूएपीए या केंद्राच्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यासोबत जनसुरक्षा अधिनियमाचीही कलमे लागली. जुलै 2022 मध्ये दंतेवाड्याच्या विशेष न्यायालयाने 121 जणांना निर्दोष सोडले. माओवाद्यांशी त्यांचा संबंध सरकार पक्षाला सिद्ध करता आला नाही. बहुतेकांची पाच वर्षे तुरुंगात गेली होती. आणि त्या जवानांच्या घरच्यांच्या हाती काय आले? या खटल्यात एकही गुन्हेगार ठरला नाही.

न्यायसुधारणा म्हटली की आपण रिकाम्या न्यायाधीशपदांबद्दल बोलतो. तीही भरावीत. माझ्या मते मात्र खरी अडचण जामिनाच्या टप्प्यावर आहे. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, असे यूएपीएचे कलम 43डी(5) सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या वटाली निकालाने त्या टप्प्यावर पुराव्याची खोलवर छाननी करण्याची वाटही अडवली. म्हणजे पोलिसांच्या कागदावर माणूस आत राहतो आणि कागद खोटा ठरेपर्यंत वर्षे जातात. खटला रखडला तर घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये नजीब प्रकरणात स्पष्ट केले. पण सुकम्याच्या शेतमजुराने उच्च न्यायालयापर्यंत, बिलासपूरला, कसे आणि कोणाच्या पैशाने जायचे?

अधिनियम अजून वापरात आहे. सुरक्षा छावण्यांना विरोध करणाऱ्या मूलवासी बचाओ मंचावर ऑक्टोबर 2024 मध्ये त्याखालीच बंदी आली.

महाराष्ट्राच्या आमदारांनी रायपूरकडून तीन आकडे मागवावेत आणि सभागृहासमोर ठेवावेत : वीस वर्षांत या कायद्याखाली किती जणांना अटक झाली, निकालाआधी ते किती काळ तुरुंगात राहिले, आणि शेवटी किती जण दोषी ठरले.