लाल अक्षरातला आकडा

मंडळाच्या गणपतीत आरती संपली, की प्रसादाच्या रांगेत कुणीतरी मोबाइल पुढे करतंच. "ताई, तुम्ही लॅबमध्ये आहात ना? बघा ना, आकडा लाल आलाय." माझा उलट प्रश्न ठरलेला: "रक्त कधी दिलं? आणि त्याआधी काय झालं होतं?"

यंदाचे दोन रिपोर्ट परवानगी घेऊन, नावं न घेता सांगते.

पहिला, लग्नाला तीन वर्षं झालेल्या एका मुलाचा. भारतातून काढे येत होते ते सुनेसाठी. मुलाला तपासावं, हे कुणाला सुचलंच नाही. वीर्यतपासणीत सुईसुद्धा टोचत नाहीत. त्याचे शुक्राणू निघाले मिलिलिटरला १ कोटी २० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतली खालची मर्यादा १ कोटी ६० लाख. मुलाचा चेहरा उतरला. पण ही मर्यादा वर्षभरात ज्यांच्या पत्नीला दिवस गेले, अशा पुरुषांवरून काढलेली आहे आणि त्यांतही शंभरात पाच जण तिच्या खालीच होते. शिवाय शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, आणि दोन महिन्यांपूर्वी हा तापाने फणफणला होता. दोन ते सात दिवस संयम पाळून तपासणी पुन्हा करायची, असं डॉक्टरांनीही सांगितलं.

दुसरा रिपोर्ट मुलीकडे राहायला आलेल्या काकांचा. पोटात वरच्या बाजूला, थेट पाठीत जाणारी कळ. 'पित्त असेल, इथला दवाखाना परवडतो का?' म्हणत त्यांनी पाच दिवस अंगावर काढले. मग अमायलेज तपासलं, ते नॉर्मल! घरचे निर्धास्त झाले. काका मात्र वाकूनच बसलेले. स्वादुपिंडाला सूज आली तरी अमायलेज तीन ते पाच दिवसांत उतरतं. लायपेज आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त वर राहतं. मी त्यांना तडक इमर्जन्सीत पाठवलं. लायपेज मर्यादेच्या पाचपट निघालं. मूळ कारण पित्ताशयातले खडे. तिपटीच्या वरचा आकडा आणि तशी कळ, एवढ्यावर निदान होतं. पण आजार किती गंभीर, हे त्या आकड्याच्या उंचीवरून कळत नाही. त्यासाठी पेशंटवरच लक्ष ठेवावं लागतं.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना कळ कधी सुरू झाली, ताप कधी आला, औषधं कोणती, हे कागदावर लिहून न्या. आणि मूल हवं असेल, तर पहिल्याच खेपेला दोघांचीही तपासणी करा.

काका आता बरे आहेत. मुलाचा दुसरा रिपोर्ट अजून यायचाय. तोवर त्याने आईला एवढंच कळवलंय, की काढे पाठवू नकोस.