थंडीच्या वसंतांत परसबागेचीं कामें

माघ महिन्यांत वसंतपंचमी येते आणि वसंताचें आगमन झालें असें आपण मानूं लागतों. आंब्याला मोहोर आलेला असतो, पळसावर कळ्या दिसूं लागतात, आणि हौशी माणसाचा हात आपोआप कुदळीकडे जातो. परंतु निसर्ग कांहीं पंचांग पाहून चालत नाहीं. नाशिक, निफाड, पुणें ह्या घाटावरील प्रदेशांत एखाद्या वर्षीं महाशिवरात्र जवळ आली तरी पहाटेचा गारठा हटत नाहीं. दुपारीं ऊन चटका देतें आणि रात्रीं पुनः घोंगडी शोधावी लागते. थंडी शिवरात्रीला 'शिव शिव' म्हणत जाते, असें वडील माणसें सांगतात, व तें बहुधा खरें ठरतें. मात्र जातां जातां ती परसांतील कोंवळीं रोपेंहि बरोबर घेऊन जाते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. अशा दिवसांत परसबागेंत कोणतीं कामें करावीं, कोणतीं थांबवावीं, आणि त्यांचीं कारणें कोणतीं, हें विद्यार्थी व त्यांचे पालक ह्यांच्यापुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही थंडी येते कोठून तें पाहूं. हिमालयाच्या बाजूस पाऊस व बर्फ पाडणारीं वादळी हवेचीं आवर्तनें पुढें सरकलीं, म्हणजे आकाश निवळतें आणि उत्तरेकडील गार व कोरडे वारे आपल्या पठारापर्यंत येतात. रात्रीं आकाश निरभ्र असलें म्हणजे जमीन दिवसा सांठविलेली उष्णता झपाट्यानें गमावते. ढग असल्यास ते पांघरुणाचें काम करतात. हवेंतील वाफहि थोडेंबहुत तेंच करते. म्हणूनच दमट हवेच्या कोंकणांत रात्र तितकी गार होत नाहीं, आणि कोरड्या देशावर मात्र दांत वाजतात. गार हवा जड असते. ती पाण्याप्रमाणें उताराकडे वाहते व खोलगट जागीं सांचते. एकाच परसांत ओट्याजवळचें वांगें हिरवेंगार राहतें आणि खालच्या कोपऱ्यांतलें करपतें, ह्याचें कारण हेंच होय.

आतां पेरणीचा विचार करूं. घाई होते ती येथेंच. बीं रुजण्यास पाणी व हवा जशी लागते, तशी मातींत ऊबहि लागते. टोमॅटोचें बीं २५ अंश सेल्सियस उष्णतेच्या मातींत सुमारें ६ दिवसांत उगवतें; १५ अंशांवर त्यास सुमारें १४ दिवस लागतात, आणि १० अंशांवर सुमारें ४३ दिवस! इतके दिवस गार व ओल्या मातींत पडून राहिलेलें बीं बहुधा कुजतें, किंवा मुंग्या तें घेऊन जातात. भेंडी, काकडी, दोडका, कारलें, दुधी भोपळा हीं उन्हाळी पिकें तर थंडीस अधिकच भितात. उलटपक्षीं मेथी, कोथिंबीर, पालक व मुळा ह्यांना गारवा मानवतो. तीं आतां खुशाल पेरावीं. धने पेरण्यापूर्वीं हलकेच रगडून त्यांच्या दोन फांका कराव्या, कारण प्रत्येक धण्यांत दोन बिया असतात.

वेलांच्या बियांसाठीं एक सोपी युक्ति आहे. नारळाच्या करवंटीस खालीं भोंक पाडावें, तींत माती व कुजलेलें शेणखत भरावें, आणि एकेक बीं टोचावें. ह्या करवंट्या दिवसा उन्हांत व रात्रीं पडवींत ठेवाव्या. भेंडीचें बीं रात्रभर भिजवून घ्यावें. कारल्याच्या बियांचें कवच जाड असल्यामुळें त्यांना त्याहूनहि अधिक वेळ द्यावा. वाफ्यांत पेरण्यापूर्वीं सकाळीं बोट दोन पेरें मातींत खुपसून पाहावें. बोट गारठलें, तर आणखी आठवडाभर थांबण्यांत शहाणपण आहे. उशिरां पेरलेलें पण उबेंत वाढलेलें रोप, लवकर पेरून कुडकुडलेल्या रोपास बहुधा मागें टाकतें.

दुसरें काम पाण्याचें. सायंकाळीं उशिरां पानांवर पाणी शिंपडण्याची संवय पुष्कळांना असते; ती ह्या दिवसांत सोडावी. रात्रभर ओलीं राहिलेलीं पानें रोगास आमंत्रण देतात, आणि गार चिखलांत कोंवळीं रोपें बुडाशीं कुजून कोलमडतात. पाणी सकाळीं ऊन वर आल्यावर मुळांशीं द्यावें. विहिरीचें ताजें पाणी थंडींत कोमट लागतें, तें उत्तम. गच्चीवरील टांकींतलें पाणी रात्रभर गारठलेलें असतें, तें थोडें तापूं द्यावें. मात्र जमीन अगदीं कोरडीहि ठेवूं नये. ओलसर माती कोरड्या मातीपेक्षां दिवसा अधिक उष्णता सांठविते व रात्रीं ती हळूहळू वर सोडते. कडाक्याची रात्र येणार असें दिसतांच शेतकरी दुपारीं पिकास हलकें पाणी देतात, त्यांतील मर्म हेंच आहे.

पाचोळ्याच्या आच्छादनाविषयीं पुष्कळांचा गैरसमज असतो. उन्हाळ्यांत मुळांशीं पाचोळा पसरणें फार हितावह. परंतु गारठ्याच्या दिवसांत तोच पाचोळा सूर्याची ऊब मातींत शिरूं देत नाहीं. म्हणून पेरणीच्या वाफ्यांवरील पाचोळा तूर्त बाजूस सारावा, काळी माती उन्हाला उघडी ठेवावी, आणि उन्हाळा पक्का झाल्यावर तो पुनः पसरावा. गोळा केलेला पाचोळा जाळूं नये. खड्ड्यांत तो व स्वयंपाकघरांतील भाजीचे देंठ असे आळीपाळीनें रचून, मधून मधून शेणकाला शिंपडून ठेवावें. पावसाळ्याच्या सुमारास उत्तम खत हातीं येतें.

कोंवळ्या रोपांवर रात्रीं जुनें धोतर, साडी अगर गोणपाट घालावें. परंतु तें काठ्यांवर ताणून घालावें, पानांना टेकूं देऊं नये. आच्छादन जमिनीपर्यंत पोंचलें पाहिजे, कारण ऊब जमिनींतूनच वर येत असते. सकाळीं तें काढण्यास विसरूं नये. कुंड्यांतील मातीला चोहोंकडून वारा लागतो व ती लौकर गारठते. म्हणून कुंड्या दिवसभर तापलेल्या भिंतीच्या पायथ्याशीं एकत्र मांडाव्या.

ह्याच सुमारास गुलाबाच्या कळ्यांवर आणि वालाच्या शेंड्यांवर मावा पडतो. साबणाचें पातळ पाणी पानांच्या खालच्या बाजूनें शिंपडावें. तांबड्या पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा तेथें दिसल्यास मुलांनीं त्यास मारूं नये. तो मावाच खातो, आणि आपलें अर्धें काम फुकट करतो.

शेवटीं छाटणीविषयीं. येथें आम्ही स्वतः कसे चुकलों होतों तें सांगणें आम्हांस इष्ट वाटतें; पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा! आमच्या परसांत एक कागदी लिंबाचें झाड आहे. तें आमच्या मातोश्रींनीं स्वहस्तें लाविलें. त्या गेल्या, त्याच्या पुढच्याच वर्षीं फेब्रुवारींत लागोपाठ दोन रात्रीं कडक थंडी पडली. तिसऱ्या दिवशीं झाडाचीं पानें उकडल्यासारखीं दिसूं लागलीं, आणि आठवड्यांत सारें झाड तपकिरी झालें. घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. झाड गेलें असें समजून, तें डोळ्यांपुढें नको म्हणून आम्हीं कुऱ्हाड आणविली. इतक्यांत शेजारचे वृद्ध माळीबुवा कुंपणापाशीं आले व म्हणाले, "मास्तर, एवढी घाई कां? नखानें साल खरवडून तर पाहा."

आम्हीं खोडाची साल खरवडली. आंत हिरवा रंग होता. शेंड्याकडील फांद्या मात्र आंतूनहि वाळलेल्या होत्या. "त्या तरी आतां कापूं का?" असें आम्हीं विचारलें. माळीबुवा म्हणाले, "असूं द्या, मास्तर. मेलेली फांदीहि जिवंत फांदीला पांघरूण घालते. पाडव्यानंतर बघूं."

त्या शब्दांत अनुभवाचें शास्त्र भरलेलें होतें. थंडीनें दुखावलेलें झाड लगेच छाटलें, तर त्यास अवेळीं पालवी फुटण्याचा संभव असतो, आणि ती कोंवळी पालवी पुढच्या गारठ्यांत आधीं मरते. शिवाय कोणती फांदी मेली व कोणती नुसती झोंपली आहे, हें त्या वेळीं ओळखतां येत नाहीं. आम्ही थांबलों. खतहि घातलें नाहीं. बेतानें पाणी तेवढें देत राहिलों. गुढीपाडवा होऊन आठ दिवस झाले असतील नसतील, तों खोडावर टांचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके दिसूं लागले. घरांतील सर्वांत धाकटीनें तें प्रथम पाहिलें, आणि ती आजीच्या झाडाला पानें आलीं म्हणून ओरडत घरांत आली. मग वाळका भाग तेवढा आम्हीं कापून टाकला. आज त्याच झाडाच्या लिंबांचें लोणचें आमच्या घरीं मुरतें.

मोगऱ्याची गोष्ट निराळी. त्याला थंडी सरतां सरतां कांहीं दिवस पाणी तोडून ताण द्यावा, मग हलकी छाटणी करून, बुडाशीं माती मोकळी करून शेणखत घालावें व पाणी सुरू करावें. उन्हाळ्यांत तो भरभरून फुलतो. ही छाटणीहि कडाका ओसरल्यावरच करावी.

पालकांस आमची एकच विनंति आहे. परसाचा हातभर कोपरा कां होईना, मुलांच्या स्वाधीन करावा. आणि विद्यार्थ्यांनो, एक वही घाला. पहाटे किती गारठा होता, कोणतें बीं कोणत्या दिवशीं पेरलें, तें कितव्या दिवशीं उगवलें, हें रोज एका ओळींत लिहा. दोन वर्षांनंतर तुमच्या परसाविषयीं ती वही जें सांगेल, तें दुसऱ्या कोणत्याहि पुस्तकांत सांपडणार नाहीं. आणि एखादें झाड गेलें असें वाटलें, तर कुऱ्हाडीला हात घालण्यापूर्वीं नखानें साल खरवडून पाहण्यास विसरूं नका.