खासगीपणा आणि दुसऱ्याचा संगणक

संगणक आणि ब्राउझर वापरताना आपली माहिती कशी जपावी, याविषयीचा उपदेश सध्या मुबलक उपलब्ध आहे. परवलीचा शब्द लांबलचक ठेवावा, तो कोणाला सांगू नये, ब्राउझर अद्ययावत ठेवावा, अनोळखी दुव्यांना हात लावू नये, अशी ही सूत्रे आहेत आणि त्यांत चुकीचे काही नाही. मात्र या साऱ्या उपदेशामागे एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, संगणक ज्याचा त्याचा आहे. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या बाबतीत हे गृहीत खरे असेल. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडसारख्या तालुक्याच्या गावी ते अनेकांना लागू पडत नाही. येथे माणूस आपल्या आयुष्यातील नाजूक कागद ज्या संगणकावर उघडतो तो बहुधा दुसऱ्याचा असतो, कळफलकावरची बोटेही दुसऱ्याची असतात आणि पाठीमागे रांग उभी असते. खासगीपणाचा विचार या खुर्चीपासून सुरू केला, तर त्याचे स्वरूप बरेच निराळे दिसू लागते.

नागभीड हे गोंदिया-चांदा फोर्ट रेल्वेमार्गावरचे जंक्शन. भोवती धानाची शेती, घोडाझरीचा तलाव आणि ब्रह्मपुरी वनविभागाचे जंगल. तळोधी, कान्पा यांसारख्या गावांतून येथे येणाऱ्या माणसाची कामे ठरलेली असतात. धानविक्रीची नोंदणी, सातबारा, जातीचा दाखला आणि त्याची वैधता, उत्पन्नाचा दाखला, मुलाची शिष्यवृत्ती, पोलीस वा तलाठी भरतीचा अर्ज, वन्यप्राण्याने केलेल्या नुकसानीची भरपाई. ही कामे एके काळी कचेरीच्या खिडकीशी कागदावर होत. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानंतर आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळ आल्यानंतर त्यांतील बरीचशी संगणकावर गेली. यामुळे हेलपाटे वाचले, अर्ज कोठे अडला हे कळू लागले, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु अर्ज संगणकावर करण्याची सक्ती झाली त्याच वेगाने संगणक घरोघरी पोहोचला नाही. ही दरी भरून काढण्यासाठी सेवा केंद्रे, नेट कॅफे आणि झेरॉक्सची दुकाने पुढे आली. शासन आणि नागरिक यांच्यामध्ये आज हा तिसरा माणूस बसलेला आहे, आणि तो नसता तर अर्ध्याअधिक तालुक्याचे काम अडले असते.

या तिसऱ्या माणसाच्या हाती काय पडते, ते पाहिले पाहिजे. अर्जदाराचे आधारपत्र, बँकेचे पासबुक, गुणपत्रिका आणि छायाचित्र स्कॅन होऊन संगणकाच्या एका कप्प्यात जमा होतात. काम संपल्यावर ते पुसण्याची सवय क्वचितच असते. कागद लवकर मिळावेत म्हणून ते केंद्रचालकाच्या व्हॉट्सॲपवर मागवले जातात आणि तेथेही राहतात. ब्राउझर प्रत्येक वेळी ‘परवलीचा शब्द जपून ठेवू का’ असे विचारतो आणि घाईत ‘हो’ म्हटले जाते. अर्जदाराजवळ स्वतःचा मोबाइल नसला, तर चालकाचाच क्रमांक भरला जातो. मग त्या खात्याची किल्ली कायमची त्याच्याकडे राहते. पुढील वर्षी विद्यार्थी नागपूरला शिकायला गेला आणि त्याला आपले शिष्यवृत्तीचे खाते उघडायचे झाले, तर ओटीपी नागभीडच्या दुकानात वाजतो. ई-आधारच्या फायलीला कुलूप असते खरे. परंतु त्याची किल्ली म्हणजे नावाची इंग्रजी पहिली चार अक्षरे आणि जन्माचे वर्ष, आणि ही दोन्ही शेजारच्याच दुसऱ्या कागदावर छापलेली असतात. यांत चालकाचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही. त्याला दिवसाला अनेक अर्ज भरायचे असतात आणि माहिती कशी जपावी हे त्याला नीट शिकवलेले नसते. दोष व्यवस्थेच्या रचनेत आहे.

ब्राउझरच्या कामाची रीतही येथे समजून घेणे अगत्याचे आहे. संकेतस्थळाला आलेला माणूस पुन्हा ओळखता यावा, यासाठी त्याच्या संगणकावर एक लहानशी खूण ठेवण्याची युक्ती १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने काढली. तिला कुकी म्हणतात. हेतू सोयीचा होता. पण पुढे जाहिरात कंपन्यांनी याच खुणांच्या आधारे माणूस या संकेतस्थळावरून त्या संकेतस्थळावर कसा हिंडतो याचा माग काढण्यास आरंभ केला. सफारीने २०२० मध्ये इतर कंपन्यांच्या अशा खुणा सरसकट अडवल्या, फायरफॉक्सने २०२२ मध्ये त्यांना कप्पेबंद केले; क्रोमच्या मालक कंपनीने त्या बंद करण्याची घोषणा २०२० मध्ये केली आणि २०२४ मध्ये ती मागे घेतली. क्रोमच्या ‘इन्कॉग्निटो’ खिडकीतही माहिती गोळा होते, या तक्रारीवरून अमेरिकेत २०२० मध्ये दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीला कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य करावे लागले. यावरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की, ही खिडकी निरुपयोगी आहे. तो अर्धाच खरा आहे. संकेतस्थळ वा इंटरनेट पुरवणारी कंपनी यांच्यापासून ही खिडकी आपणांस लपवत नाही. ती बंद करताच त्या संगणकावरील इतिहास, कुकी आणि भरलेले तपशील मात्र पुसले जातात. म्हणजे तिचे संरक्षण त्याच खुर्चीवर आपल्यानंतर बसणाऱ्या माणसापासून आहे. स्वतःचा संगणक असलेल्यास तिचा उपयोग थोडा. दुसऱ्याच्या संगणकावर विसंबणाऱ्यास मात्र ती मोठ्या कामाची आहे. डाउनलोड केलेली फाइल तेवढी ती पुसत नाही. ती हातानेच, रिसायकल बिनमधूनही, काढावी लागते.

शासनाने या खुर्चीवरील माणसाचा विचार केला आहे काय? केला आहे, पण उलट्या दिशेने. एप्रिल २०११ मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेसाठी नियम केले. त्यांनुसार ग्राहकाने ओळखपत्र दाखवावे, त्याची नोंद वहीत व्हावी, त्याने कोणती संकेतस्थळे पाहिली याचा तपशील दुकानदाराने किमान एक वर्ष जपावा, कप्प्यांच्या भिंती साडेचार फुटांहून उंच नसाव्यात आणि कप्प्यांबाहेरील संगणकांचे पडदे दुकानाच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत. दहशतवाद आणि गुन्हेगारी यांना आळा घालण्याच्या दृष्टीने हे झाले, हे उघड आहे. परंतु याचा अर्थ असा होतो की, घरी संगणक असलेल्याचा पडदा त्याचा आणि ज्याच्या घरी तो नाही त्याचा पडदा चारचौघांचा. आजाराविषयी काही वाचू पाहणारी महाविद्यालयातील मुलगी अशा पडद्यासमोर काय शोधील? ती शोधणारच नाही. पाळतीचा पहिला परिणाम गुन्हेगारावर होवो न होवो, संकोची माणसाच्या जिज्ञासेवर तो खचित होतो.

या संदर्भात टपाल खात्याची आठवण उद्बोधक ठरावी. निरक्षर माणसाचे पत्र पूर्वीही दुसराच लिहीत असे आणि दुसराच वाचून दाखवीत असे. परंतु पाकीट बंद झाल्यानंतर ते फोडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्यास १८९८ च्या टपाल अधिनियमात शिक्षा सांगितलेली होती. ज्या परकीय सरकारने हा कायदा केला, त्याने स्वतःसाठी पत्रे अडवण्याचा अधिकार राखून ठेवला होता, हेही खरेच. तथापि सेवा देणाऱ्याच्या हाती नागरिकाचे गुपित पडते, म्हणून सेवा देणाऱ्यावर बंधन हवे, हे तत्त्व त्या सरकारलाही मान्य करावे लागले. ज्या टेबलावर एका माणसाची जात, जमीन, उत्पन्न आणि बोटांचे ठसे एकाच वेळी उघडे पडतात, त्या टेबलाला हे तत्त्व पत्रापेक्षा अधिक कसोशीने लागू व्हायला हवे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, लपवण्यासारखे काही नसलेल्याने चिंता कशाला करावी? बँकेत किती रक्कम आली, हे चोराला कळू नये असे वाटणारा शेतकरी काही अपराध लपवत नसतो. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. खेड्यात सर्वांना सर्वांचे सर्व ठाऊक असते, तेथे खासगीपणा ही शहरी चैन आहे, असे म्हटले जाते. वस्तुतः खेड्यातील ओळख परस्परांची असते. शेजाऱ्याला आपले जेवढे ठाऊक, तेवढेच आपल्याला त्याचे. त्यामुळे दोघांनाही मर्यादा राहते, आणि काळाबरोबर गोष्टी विसरल्याही जातात. संगणकातील नोंद एकतर्फी असते. ती विसरत नाही, तिची प्रत काढता येते आणि ती नागभीडहून कोठल्याही शहरातील ठगाच्या हाती क्षणात जाते. शिवाय खेड्यातही घराच्या आत काही गोष्टी स्त्रीच्या स्वतःच्या असतात. लाडकी बहीण योजनेसाठी २०२५ मध्ये ई-केवायसी आवश्यक झाले, तेव्हा विवाहितेच्या पतीच्या वा अविवाहितेच्या वडिलांच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपीही मागितला गेला. जिच्या नावाने पैसे द्यायचे, तिच्या अर्जाची किल्ली दुसऱ्याच्या फोनमध्ये ठेवली गेली. याला शहरी चैनीचा प्रश्न म्हणता येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि स्वतःविषयीच्या माहितीवरील अधिकारही त्यात येतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती जपण्यात कुचराई केल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मात्र अनुदान, लाभ वा दाखले देण्यासाठी शासनास काही अटींवर नव्याने संमती न घेता माहिती वापरण्याची मुभाही त्यात आहे. गरीब नागरिकाचा संगणकाशी संबंध येतो तो मुख्यतः याच कामांसाठी. म्हणजे ज्याला संरक्षणाची गरज अधिक, त्याच्या बाबतीत संमतीचा अर्थ सर्वांत पातळ होतो.

शासनाची द्विधा मनःस्थिती एका लहानशा प्रसंगातून स्पष्ट झाली होती. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू येथील प्रादेशिक कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी सूचना काढली की, आधारपत्राच्या छायाप्रती कोणालाही देऊ नयेत, केवळ शेवटचे चार आकडे दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार वापरावे, आणि नेट कॅफेतील संगणकावर ई-आधार घेणे टाळावे. घेतलेच तर त्याच्या सर्व प्रती पुसून टाकाव्यात. सल्ला शहाणपणाचा होता. परंतु तिचा गैरसमज होण्याचा संभव आहे, या कारणास्तव दोन दिवसांत ती मागे घेण्यात आली. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली या आदिवासी गावी वाटले गेले. योजना ज्या माणसापासून सुरू झाली, त्याला ती सुरक्षितपणे कशी वापरावी हे सांगताना मात्र शासनाचा आवाज अडखळला.

तेव्हा काय करता येईल? नागरिकाने काही गोष्टींचा आग्रह अवश्य धरावा. अर्ज ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत भरावा, परवलीचा शब्द संगणकात जपून ठेवू देऊ नये, जेथे चालते तेथे मास्क्ड आधारच द्यावे, मोबाइल क्रमांक स्वतःचा वा घरातील विश्वासाच्या माणसाचा घालावा, ओटीपी मोठ्याने उच्चारू नये आणि उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडून फायली आपल्यादेखत पुसून घ्याव्यात. बोटांच्या ठशांचा आधारमधील वापर गरज नसताना कुलूपबंद ठेवण्याची सोयही प्राधिकरणाने दिलेली आहे.

परंतु केवळ सावधगिरीचा भार अर्जदारावर टाकून मोकळे होणे न्याय्य नाही. दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस रांगेत उभे राहून चालकाशी वाद घालू शकत नाही. ज्या शासनाने अर्ज संगणकावर सक्तीचा केला, त्याने त्या टेबलावरील गुप्ततेचीही हमी घेतली पाहिजे. काम संपताच कागद आपोआप पुसणारी व्यवस्था केंद्रांच्या संगणकांत बसवणे अवघड नाही. एकाच क्रमांकावर शेकडो खाती उघडली जात असतील, तर ते संकेतस्थळालाच कळायला हवे. केंद्रात काय जपले जाते आणि काय पुसले जाते, याचा फलक मराठीत असावा. आणि पडदा चारचौघांकडे वळवणाऱ्या २०११ च्या नियमांचा २०१७ च्या निर्णयाच्या प्रकाशात फेरविचार व्हावा.

या कामी ग्रामसभाही मागे राहण्याचे कारण नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाच्या सामाईक मालमत्तेचा कारभार ग्रामसभा जबाबदारीने करू शकते, हे त्याने दाखवून दिले. ग्रामपंचायतीतील सेवा केंद्राचा संगणक हाही आता गावाच्या सामाईक उपयोगाचाच आहे. त्यात कोणाची कोणती माहिती किती दिवस राहावी, हे ठरवणारा ठराव करण्यास ग्रामसभेला कोणा तंत्रज्ञाची वाट पाहावी लागणार नाही. जंगलात कोणी केव्हा शिरावे, याचे नियम करणारी गावे आपल्या माणसांच्या कागदांच्या गठ्ठ्यात कोणी शिरावे, याचेही नियम करू शकतील. नागरिकाला दाखला देताना त्याच्याकडून त्याची सारी गुपिते नकळत काढून घेणारी सेवा अपुरी आहे, एवढे एकदा मान्य झाले की उरलेले काम फारसे कठीण नाही.