बंदोबस्तातील बलोपासना

अनंत चतुर्दशीच्या सकाळी मानाचा पहिला कसबा गणपती मंडईतून मार्गस्थ होतो, तत्पूर्वीच लक्ष्मी रस्त्याच्या दुतर्फा खाकी गणवेशातील तरुण उभे ठाकलेले असतात. पुण्याची ही मिरवणूक अनेकदा चोवीस तासांची मर्यादा ओलांडते. भाविक घटकाभर थांबून श्रींचे दर्शन घेतो आणि घरी परततो. गर्दी थोपवून धरणाऱ्या तरुण फौजदाराच्या देहाचे काय होत असेल, याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून बाहेर पडताना हा फौजदार अंगाने काटक असतो. पुढे ठाण्यात नेमणूक झाली की प्रथम व्यायामाची वेळ जाते, मग जेवणाची, आणि अखेर झोपेची. चहा व वडापाव यांवर दिवस निघतात. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा स्तुत्य प्रयोग झाला खरा. परंतु उत्सवात घड्याळाला विचारतो कोण?

वस्तुतः बंदोबस्ताचा ताण धावण्याहून निराळा आहे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर हृदयाकडे लोटतात. माणूस निश्चल उभा राहिला की तेच रक्त पायांत साचते. घोटे सुजतात, कधी भोवळ येते, आणि वर्षानुवर्षे असेच चालल्यास पायांवरील शिरा फुगून गाठाळतात. म्हणून उभ्याउभ्याच टाचा उचलाव्यात, भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावा, संधी मिळताच दहा पावले टाकावीत. भाद्रपदातील पाऊस लक्षात घेता कोरड्या मोजांचा एक जोड जवळ असावा. चहाऐवजी पाणी, आणि खिशात मूठभर शेंगदाणे व गुळाचा खडा. एवढी शिदोरी कोणालाही जमण्याजोगी आहे.

पाण्याचा हा सल्ला महिला पोलिसांना मात्र क्रूर थट्टेसारखा वाटेल. जवळपास स्वच्छतागृह नसल्याने त्यांतील कित्येकजणी दिवसभर घोटभरही पाणी घेत नाहीत, आणि मूत्रमार्गाच्या विकारांना तेथेच वाट मिळते. येथे जोरबैठकांचा उपदेश व्यर्थ होय. मिरवणुकीच्या मार्गावरील मंडळांनी आणि रहिवाशांनी त्या दिवशी त्यांच्यासाठी आपले एक दार उघडे ठेवावे.

सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना देणाऱ्या लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील आपले पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालविले होते व त्यापायी परीक्षेतील अपयशही पत्करले होते. मानाचा तिसरा गणपती तर गुरुजी तालीम याच नावाने ओळखला जातो. या उत्सवाचे बलोपासनेशी असलेले नाते असे जुने आहे. तेव्हा मंडपाबाहेर उभ्या असलेल्या तरुणाने रोज अर्धा तास सूर्यनमस्कारांना दिला, तर तो वेळ कर्तव्यातून चोरलेला समजण्याचे वरिष्ठांना कारण नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मात्र व्यायामाचा हट्ट नको. पाय उशीवर उंच ठेवून निजावे. घरी नैवेद्याचे मोदक राखून ठेवलेले असतीलच. त्यांतील दोन खुशाल खावेत, पण झोप पुरी झाल्यावर.