गाभ्यातले पहारेकरी

सोलापुरात ज्यांनी गिरण्यांचे दिवस पाहिले त्यांना भोंगा सांगायला नको. भोंगा होईपर्यंत आत शिरायचे, हजेरी लावायची. फाटक बंद झाले की मागून आलेला बाहेरच. संगणकाच्या पोटात पहारेकरी नेमण्याची रीतही आज जवळपास अशीच आहे. ती तशी व्हायला मात्र काही वर्षे गेली.

संगणक असो वा मोबाइल, त्याच्या कार्यप्रणालीचा एक गाभा असतो. त्याला कर्नेल म्हणतात. फौजेतल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही, पण हुकूम त्याचाच चालतो. फाइल उघडायची, इंटरनेटला जोडायचे, तर प्रत्येक प्रोग्रॅमला या गाभ्याकडे अर्ज करावा लागतो. गाभा आधी मालकी पाहतो: फाइल कुणाची, परवानगी कुणाला? एवढ्याने भागत नाही. मालकाच्याच नावाने चोर आला तर?

लिनक्स या मुक्त प्रणालीपुढे हा प्रश्न २००१ साली आला. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने एसईलिनक्स नावाची आपली पहाऱ्याची पद्धत मांडली. पण इतरांच्याही पद्धती होत्या, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटे. (कवींच्या बैठकीत बसलेल्यांना हे नवल वाटणार नाही.) लिनस टोरवाल्ड्‌स यांनी कुणा एकाची निवड केली नाही. गाभ्यात मोक्याच्या जागी चौक्या बांधा, पहारेकरी ज्याने त्याने आणावा, असा तोडगा निघाला. डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत तो आला.

पहारेकऱ्याने नाव नोंदवायचे म्हणजे आपल्या तपासण्यांची यादी गाभ्याच्या हवाली करायची. प्रत्येक चौकीवर गाभा त्याला विचारतो, ‘जाऊ देऊ का?’ त्याला अडवता येते. मालकीच्या नियमाने जे आधीच नाकारले ते मात्र तो देऊ शकत नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

घोळ होता तो नोंदणीच्या वेळेचा. यंत्र चालू असतानाही नवा पहारेकरी रुजू होऊ शके, जुना निघून जाऊ शके. मग मधल्या काळात उघडलेल्या फाइलींचे काय? आणि पहारेकऱ्याच्या वेषात चोरानेच नाव नोंदवले तर? बराच वाद झाला. चौक्याच मोडा, असेही काही म्हणाले. टोरवाल्ड्‌सनी चौक्या राखल्या. पण जानेवारी २००८ च्या २.६.२४ आवृत्तीपासून पहारेकरी गाभ्यातच घडवलेला हवा आणि यंत्र सुरू होतानाच त्याची नोंद हवी, असे ठरले. भोंगा झाला, फाटक बंद! चालत्या यंत्रात हवा तसा बदल करण्याची सोय गेली म्हणून काहीजण नाराज झाले. त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती.

आधी मुख्य पहारेकरी एकच असे. २०१५ च्या ४.२ आवृत्तीपासून अनेकांना रांगेत उभे करण्याची नीट सोय झाली. गाभा एकेकाला क्रमाने विचारतो; एकाने ‘नाही’ म्हटले की अर्ज तिथेच फेटाळला जातो.

हे सगळे दूरदेशीचे वाटेल. पण अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे, आणि २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून त्यात एसईलिनक्सचा पहारा पूर्ण कडक झाला. नवी पेठेत चादरीचे पैसे फोनवरून देताना, त्याच फोनमधल्या एखाद्या फुकटच्या खेळाने पैशांच्या ॲपच्या फायलींत हात घालू पाहिला, तर त्याला अडवणाऱ्यांत हा पहारेकरीही असतो. फोन सुरू करताना कंपनीचे चिन्ह चमकते ना, त्याच सुमारास त्याची हजेरी लागून गेलेली असते.